महालक्ष्म्या झाल्यावर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार माझ्या थोरल्या वहिनींचे आहेत. आमच्या गावी, बेटम्याला, माझी शाळा संपली तेव्हा दादाची इंदूरला नोकरी होती, सुदामा नगरात दोन खोल्या होत्या. त्यातली पुढची खोली वहिनींनी मला अभ्यासाला दिली आणि टीव्ही उचलून स्वयंपाकघरात नेला. त्या पोळ्या लाटायच्या आणि मी इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचो. "वाचा भाऊजी, मला समझत नाही तरी कानाला बरं वाटतं," म्हणायच्या. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो असा.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. घरी आम्ही सगळे 'छातीत गाठ' म्हणायचो. केबिनमध्ये दादा, वहिनी आणि मी. डॉक्टरबाई सरळ वहिनींकडे बघून बोलल्या, "गाठ लहान आहे. तेवढीच काढून उरलेला स्तन वर उचलून, आकार देऊन शिवता येईल. मग रेडिएशन. नाहीतर पूर्ण काढून आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. तुम्हाला काय हवंय? फक्त उशीर नको."

वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे, शिकलेला म्हणून. मी खाली टेबलाकडे.

घरी येताना गाडीत त्या मागून हळूच म्हणाल्या, "आपलं स्वतःचं राहणार असेल तर तेच करूया ना. परकी वस्तू आत कशाला?"

"ठीक है," दादा म्हणाला, "महालक्ष्म्या झाल्यावर बघू."

मी म्हटलं, डॉक्टर उशीर नको म्हणाल्या. त्यावर वहिनीच हसल्या. "तुम्ही भी ना भाऊजी! सोळा भाज्या काय तुम्ही करणार? देवी उभी कोण करणार?"

आमच्याकडे महालक्ष्म्यांचे फक्त मुखवटे आहेत. खालचं अंग वहिनी बनवतात. लोखंडी स्टँडला ब्लाऊज घालून त्यात जुन्या साड्यांचे बोळे भरतात आणि मग साडी नेसवतात. त्या वर्षी मी स्टँड धरून उभा होतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही हे त्या लांब जाऊन पाहात होत्या. एक बोळा काढून त्यांनी पुन्हा घट्ट गुंडाळला. मी दुसरीकडे पाहिलं.

नंतर पितृपक्ष लागला. "पितरांच्या दिवसांत चिरफाड?" बेटम्याहून आईचा फोन आला. मग घट बसले. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा गाठ वाढून काखेत पोचली होती.

"आता उचलून शिवण्याचा प्रश्नच राहिला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पूर्ण काढावा लागेल. इम्प्लांटचं काय?"

"ह्या उमरमध्ये काय फॅशन करायची आहे?" दादा म्हणाला. "पोरं मोठी झाली."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. केस परत आले. एकदा दुपारी मी गेलो तर त्या आरशासमोर जुन्या साडीचा बोळा ब्लाऊजमध्ये नीट बसवत होत्या. मला पाहून पदर ओढला आणि म्हणाल्या, "बसा, चहा टाकते."

त्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. लग्नानंतर मी वेगळा राहतो, पण शहर एकच; तरी पोस्टानं पाठवलं.

"वहिनी,

समोर बसून बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो. मी डॉक्टरबाईंना भेटलो. डाव्या बाजूला अजूनही इम्प्लांट बसवता येईल आणि उजवा स्तन उचलून त्याच्या जोडीचा करता येईल. रेडिएशन झालेलं आहे, म्हणून त्रास होऊ शकतो. पहिल्यासारखं होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. आजार परत येणार नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

दादाशी मी बोललो. तो चिडला. तुम्हाला काहीच नको असेल तर तसं सांगा. फक्त 'घरचे म्हणतील ते' असं म्हणू नका. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही गाडीत उत्तरही दिलं होतं.

यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसतील. हिला पुरण जमत नाही. जसं होईल तसं खाऊ.

मंगळवारी सकाळी गाडी घेऊन येतो. केबिनमध्ये तुम्ही एकट्या जा. मी बाहेर बसतो."