दाजींची सलाईनची बाटली

जगातली निम्मी भांडणं आणि झाडून सगळी इंजिनं वेळेवर चार थेंब पाणी न मिळाल्यानं बिघडतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजींचं शेत येडशीच्या अलीकडं, दारात टर्बोचा ट्रॅक्टर. ढोकीच्या कारखान्याला ऊस घालायचा म्हणजे दोन भरल्या ट्रॉल्या ओढत चढ चढायचा. इंजिन तापायचं, आणि त्याच्यापेक्षा दाजी जास्त तापायचे. वाटेत थांबून आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवायचे. म्हणायचे, "पाव्हणं, सायकलीत हवा भरताना पंप तापतो का न्हाय? टर्बोबी हवा दाबतोय. दाबलेली हवा गरमच व्हणार. तिला आतल्या आत गार करायची."

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा पाहून अख्खं गाव हसलं. दवाखान्यातून सलाईनची बाटली आणि नळी आणली, बाटली सीटसमोर गजाला टांगली आणि इंजिनात हवा जाते त्या पाइपात सुई खोचली. चढ लागला की नळीवरची चकती फिरवायची, थेंब थेंब पाणी हवेबरोबर आत. लोक विचारत, "पेशंट कसा हाय?" दाजी गंभीरपणे सांगत, "ताप उतरलाय." आणि तो खरंच उतरलेला असे, तापमानाचा काटा मी स्वतः पाहिलाय. पाणी मात्र पावसाचंच लागे, तेही धोतराच्या चार पदरांतून गाळलेलं. बोअरचं खारट पाणी ते आम्हा पाहुण्यांना पाजत. मी कुरकुरलो तर म्हणाले, "तुमाला मुतखडा झाला तर डाक्टर हाय. टर्बोला कोण हाय?"

नियम एकच होता: इंजिन बंद करण्याआधी चकती बंद करायची. एकदा दाजी सोनारीला देवदर्शनाला गेले म्हणून ट्रॉल्या मी नेल्या. चढ संपल्यावर चहाला थांबलो, इंजिन बंद केलं आणि चकती विसरलो. तासभर गप्पा झाल्या, तेवढ्यात सगळी बाटली पाइपात रिकामी झाली. चावी फिरवली तसा धाडकन आवाज झाला. आत पाणी शिरून इंजिनाचा रॉड वाकला होता.

दाजींनी एवढंच विचारलं, "चकती बंद केलती?"

"व्हय दाजी, केलती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. चकती बंद असूनही पाणी गळतं म्हणजे आपली युक्तीच खोटी, असं धरून त्यांनी नळी उपटून टाकली. गाव पुन्हा हसलं. त्यानंतर साधा फवारणीचा पंप बिघडला तरी ते मेकॅनिकला बोलवू लागले. हे सगळं मी बघत होतो आणि नऊ वर्षं गप्प होतो, याची मला फार लाज वाटते.

परवा दिवाळीला गेलो तेव्हा राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. दाजींचे हात आता कापतात. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंजी, माझं बरुबर व्हतं?"

"बरोबर होतं, दाजी."

दाजी हळूच म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय का, पाव्हणं? तवा डोक्यात अजून लई काय काय व्हतं."

काय काय होतं, हे विचारायला मला तोंड राहिलं नव्हतं.