चालू शॉटमधली आयुधपूजा

अम्मांनी बाहुलीच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा मी दारातच उभी होते. हातात प्रसादाचं ताट होतं. "अम्मा, नको" एवढंच म्हणायचं होतं. पण माझा आवाज घशातून निघेपर्यंत त्यांनी कॅमेऱ्याच्या स्टँडला झेंडूचा हारही घातला होता.

अम्मा म्हणजे आमच्या सुधीर सरांच्या आई. बेंगळुरातल्या जयनगरात त्यांच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर सरांचा स्टुडिओ आहे. खाली अम्मा राहतात, वर आम्ही बाहुल्यांचे सिनेमे करतो. त्याला स्टॉप मोशन म्हणतात. बाहुली उभी करायची, फोटो काढायचा. तिचा हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की बाहुली आपणहून हात हलवते असं वाटतं. पडद्यावरचा एक सेकंद चोवीस फोटो खाऊन टाकतो. म्हणून एक साधं उठणं-बसणं करायला पल्लवीला आठवडे लागतात. पल्लवी आमची अॅनिमेटर. पुण्याची मुलगी, कोरमंगलात पीजीमध्ये राहते. बाहुलीला फक्त तिनेच हात लावायचा, असा नियम आहे.

माझं काम कपड्यांचं. मी निपाणीकडची. चौथीनंतर शाळा सुटली, शिवण सुटलं नाही. बेंगळुरात आधी गारमेंट फॅक्टरीत होते, मग घरी ब्लाउज शिवायची. तिथून इथे आले. वीतभर बाईला आपल्या मापाचं कापड चालत नाही. साधं सुती कापडही तिच्या अंगावर गोणपाट दिसतं. चिकपेटेत जाऊन मी अस्तरं आणि रुमाल बोटांत चोळून बघत बसते. दुकानदार विचारतो, "एष्टु मीटर, अक्का?" मी म्हणते, वीतभर. तो हात जोडतो.

कापडाची दुसरी खोड म्हणजे ते गप्प बसत नाही. बाहुली हलवताना बोट लागतं, घडी बदलते. फोटो जोडले की साडी अंगावर उकळतेय असं दिसतं. पल्लवी त्याला बॉइल म्हणते. त्यावर उपाय म्हणजे काठात केसासारखी बारीक तार घालायची आणि आतून पातळ कागद चिकटवायचा. मग घडी ठेवू तिथे राहते. माझ्या साड्या उकळत नाहीत. हे सर पाहुण्यांना सांगतात तेव्हा मी चहा करायला उठते.

तर त्या दिवशी आयुधपूजा होती. आमच्या गावाकडे खंडेनवमी म्हणतात. इथे बसपासून कात्रीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. सरांनी सकाळी अम्मांना सांगितलं होतं, "अम्मा, वरच्या सगळ्या मशिन्सना तूच कर या वर्षी." आणि ते रस्त्यावर गाडीपुढे कोहळा फोडायला गेले. पल्लवी ते बघायला त्यांच्यामागे गेली.

सेटच्या खोलीच्या दारात लाल पट्टी लावलेली होती. चालू शॉटची खोली अशी पट्टी लावून बंद करतात. आत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. अम्मांनी पट्टी वर उचलली, खालून वाकून आत गेल्या आणि कामाला लागल्या. एका आयुधाला केलं आणि एकाला वगळलं, असं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

पल्लवी वर आली, तिने आत पाहिलं आणि ती जमिनीवरच बसली.

"शॉट गेला," ती म्हणाली.

अम्मा घाबरल्या. "अय्यो! काय झालं ग? मी कुठं काय मोडलं?"

"नाही अम्मा. तुम्ही काही नाही मोडलं." आणि ती रडायला लागली.

हा शॉट म्हणजे सिनेमाचा शेवट होता. एरवी आम्ही बिस्किटाच्या आणि तेलाच्या जाहिराती करतो. हा मात्र स्टुडिओचा स्वतःचा पहिला सिनेमा. गोष्ट लहान आहे. एक विणकर आणि त्याची म्हातारी बायको. विणकर जातो, माग थांबतो. बाई मागाशेजारी बसते ती उठतच नाही. शेवटी एका सकाळी ती मागाच्या खांबाला धरून उठते, दार उघडते आणि बाहेर जाते. पल्लवी गणपती गेल्यापासून तिला उठवत होती. पूजेच्या दिवशी बाई अर्धी उठलेली होती. मान खाली, डोक्यावर पदर, एक हात खांबावर. महिनाअखेर सिनेमा एका महोत्सवाला पाठवायचा होता. पहिल्यापासून शॉट करायला वेळ उरला नव्हता.

सर आले. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग हाराकडे, मग पल्लवीकडे.

"तूच म्हणालास, सगळ्यांना कर," अम्मा म्हणाल्या.

"हो अम्मा. मीच म्हणालो."

आधी कॅमेरा पाहिला. हार काढला, तरी त्याच्या वजनाने तो किंचित खाली झुकलेलाच राहिला होता. हे निस्तरता येतं. कॉम्प्युटरवर शेवटचा फोटो आणि आत्ताचं चित्र एकावर एक धरून बघता येतं. सेटवरच्या दाराच्या दोन चौकटी दिसत होत्या. सर स्टँडचा स्क्रू फिरवत होते, पल्लवी डोळे पुसत पडद्यावर बघत होती.

"वर. अजून. स्वल्प डावीकडे. फार झालं सर, मागे या."

हळूहळू दोन चौकटींची एक झाली. पल्लवीने नाक पुसलं.

कुंकवाचं तसं नव्हतं. बाहुलीची कातडी सिलिकॉनची असते, ती रंग पिते. आम्ही सुट्या डोक्यावर कुंकू लावून पुसून पाहिलं. साबणाने पुसलं, तेलाने पुसलं, गुलाबी डाग राहिलाच. डोकं बदलायचं तर केस बदलणार. ते एकेक करून टोचलेले असतात, दोन डोक्यांचे सारखे येत नाहीत.

"कॉम्प्युटरमध्ये काढू डाग," सर म्हणाले.

"पुढे ती चेहरा वर करते सर. कॅमेरा इतका जवळ आहे. कपाळ गिलावा केल्यासारखं दिसेल."

"मग शॉट इथेच कापू."

"इथे? ती अर्धवट उठलीय!"

मलाही ते पटत नव्हतं. उठायला निघालेल्या बाईला वाकलेलीच सोडून सिनेमा संपवायचा म्हणजे तिला पुन्हा खाली बसवल्यासारखंच.

सरांना राग काढायला जागा नव्हती. शेवटी ते आईलाच म्हणाले, "अम्मा, कॅमेऱ्याला केलंस ते कळतं, लाइटना केलंस तेही कळतं. पण ती बाहुली आहे ग. तिला कशाला? आणि सिनेमात तिचा नवरा गेलाय. आम्ही मुद्दाम कपाळ मोकळं ठेवलं होतं."

अम्मांचं स्वतःचं कपाळही मोकळं असतं. सरांचे वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, ते जाऊन काही वर्षं झाली.

अम्मा म्हणाल्या, "मला काय माहीत तुमची ष्टोरी? मी बघितलं, तिच्या मागाला कुंकू आहे. खांबावर हे एवढं. कात्रीला लावलं, मशीनला लावलं. मागाला आहे, आणि मागावर राबणारीलाच नाही? मला बरं नाही वाटलं. वाकून पदराखाली बोट घालून लावलं."

आम्ही सगळ्यांनी सेटकडे पाहिलं. खांबावर खरंच कुंकू होतं. विणकर जिवंत असताना दर खंडेनवमीला मागाची पूजा करायचा, म्हणून सेट रंगवणाऱ्याने जुनं, वाळलेलं कुंकू खांबावर रंगवलं होतं. बाईचा हात त्याच्याच शेजारी होता.

पल्लवी सावकाश उठली. बाहुलीपुढे जाऊन तिने खाली वाकून पाहिलं.

"सर, शेवटच्या फोटोत कपाळ दिसतंय का?"

सरांनी पडद्यावर पाहिलं. "नाही. मान खाली आहे. पदर आहे."

"म्हणजे आत्ता कुंकू आहे की नाही, हे कोणालाच माहीत नाही. तिचा हात खांबावर आहे. तो कुंकवावरून फिरला, पदराखाली कपाळाला गेला, आणि मग तिने चेहरा वर केला तर?"

शनिवारी संध्याकाळी सर आम्हाला भिंतीवर जुने सिनेमे दाखवतात. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. फार पूर्वी परदेशात एक माणूस रस्त्याचं चित्रण करत होता. मध्येच त्याचा कॅमेरा अडकला. तो सुरू करेपर्यंत समोरची गाडी निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. घरी जाऊन फिल्म बघतो तर एका गाडीची पाहता पाहता दुसरी गाडी झालेली! म्हणे तिथून या कलेतल्या निम्म्या युक्त्या निघाल्या. सर गोष्ट संपवून नेहमी म्हणतात, "कॅमेरा बंद असताना जे होतं, तो आपला धंदा."

पल्लवीने तेच वाक्य त्यांना ऐकवलं. "कॅमेरा बंद होता सर."

सरांनी आईकडे पाहिलं. अम्मा उतरवलेल्या हाराची फुलं ताटात ठेवत होत्या.

"कर," सर पल्लवीला म्हणाले.

आता मला बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "हात तिथपर्यंत जाणार नाही."

तिघांनी वळून पाहिलं. माझे कान तापले.

"का, रत्नक्का?" पल्लवीने विचारलं.

"पदर कोपरापाशी टाचलाय. उठताना घसरू नये म्हणून. तार आहे त्यात. हात खांद्याच्या वर नेला तर सगळी साडी वर येईल."

"सोडवता येईल?"

"येईल. ती हलता कामा नये, एवढंच."

हे म्हणायला सोपं होतं. पाय खालून स्क्रूने टेबलाला बांधलेले असतात. धोका असतो तो कमरेचा आणि मानेचा. नुसत्या श्वासाच्या धक्क्याने मान फिरत नाही, पण आपलं मनगट तिला टेकलं तर फिरते. मी अम्मांच्या स्वयंपाकघरातले दोन लाकडी पाट मागवले, बाहुलीच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि मनगटं त्यांवर टेकवली. आता बोटं तेवढी हवेत होती. पल्लवी पडद्यासमोर बसली.

"टाका दिसतोय?" तिने विचारलं.

"दिसतोय."

"कापा."

पहिला टाका कापला. दुसरा कापला. मग चिमट्याने तार ओढायची होती. ही तार मीच घातली होती आणि पक्की घातली होती. तेव्हा स्वतःच्याच कामाचा थोडा राग आला. मी ओढली नाही, फिरवत फिरवत काढली.

"हललं!" पल्लवी ओरडली. "खांदा. किंचित पुढे आलाय."

"ढकलू?"

"नका, मी येते." तिने येऊन एका बोटाने खांदा मागे नेला, पळत जाऊन पडदा पाहिला. "सरी, ठीक आहे. बसला."

तार बाहेर आली. अम्मा दारात लाल पट्टीच्या बाहेर उभ्या होत्या. त्यांनी आतापर्यंत धरून ठेवलेला श्वास सोडला तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"अम्मा, आता शिंकू नका हं," पल्लवी म्हणाली.

"मी कशाला शिंकू? तुमचं सरड्यासारखं चालतंय ते बघून झोप येतेय मला."

त्यानंतर पल्लवीने ते केलं. बोटं खांबावरून सरकली, कुंकवापाशी थांबली. बोटाच्या टोकाला तिने ब्रशने लाल ठिपका दिला. हात वर निघाला, पदराखाली गेला. मग मान वर आली, हात खाली आला. एरवी पाहायला गेलं तर हे सगळं दोन घोट चहाचं काम. आमची दिवाळी त्यात गेली. सिनेमा वेळेवर पाठवला.

महोत्सवात सिनेमा लागला तेव्हा अम्मा पहिल्या रांगेत होत्या, मी त्यांच्या शेजारी. म्हातारीने चेहरा वर केला तेव्हा सगळं सभागृह शांत होतं. त्या शांततेत अम्मा मोठ्याने म्हणाल्या, "नोडु! बघ ग, ते मी लावलंय." मागची सगळी रांग हसली. अम्मांनी मागे वळून त्यांनाही सांगितलं.

नंतर एका बाईने पल्लवीला विचारलं, कुंकू लावताना तिचा पदर थरथरतो, ते कसं सुचलं? पल्लवीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी खांबामागे गेले. सुचलं काहीच नव्हतं. तार काढल्यावर पदर उकळणारच. इतकी वर्षं मी ज्याच्याशी भांडत आले, तोच बॉइल होता तो.

शनिवारच्या जुन्या सिनेमांत एक केसाळ जनावर आहे. ते उभं असतानाही त्याचे केस वाऱ्याने हलल्यासारखे हलतात. सर म्हणाले होते, तो वारा नव्हे. ज्याने त्याला हलवलं त्याच्या बोटांचे ते ठसे आहेत. माणूस कधीच गेला, बोटं अजून फिरतायत. तेव्हा मला वाटलं होतं, याने तार घातली असती तर बरं दिसलं असतं. आता मी तो सिनेमा सरांना पुन्हा लावायला सांगते.

साड्यांत तार मी अजूनही घालते. काम ते काम. आणि आयुधपूजेच्या आधी चालू शॉट पुरा करायचा, नाही झाला तर सेटच्या खोलीला कुलूप लावायचं, असं सरांनी ठरवलं आहे. किल्ली अम्मांकडे असते. ती दुसऱ्या कोणाकडे द्यावी, असं कोणीच म्हणालं नाही.