दिवस मावळल्यावरची साखर

आप्पासो मगदूमांना शुगर निघाली, तेव्हा कळंब्याच्या त्यांच्या गल्लीला दोन दिवस हसायला विषय मिळाला. माणसाची चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात गेलेली. शेजारचा रिक्षावाला ज्ञानू फाटकातूनच ओरडला, "आप्पा, कारखान्यानं फंड दिला त्यो दिला, वर साखर बी दिली की वो!"

आप्पा हसले. रत्नाबाईंना मात्र हसू आलं नाही. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. उपाशीपोटी दोनशे बारा, जेवल्यावर तीनशे चाळीस. त्यांना आकड्यांपेक्षा गेला हिवाळा आठवत होता. आप्पा रात्री चार-चारदा उठायचे आणि परत येऊन अंथरुणावर नुसते बसून राहायचे. ओठ सुकलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली. उशाशी पाण्याचा तांब्या नव्हताच, कारण दिवस मावळल्यावर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नव्हता. एक्केचाळीस वर्षांत कधीच नाही. सकाळी ऊन अंगणात आलं की ते उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायचे, आणि रत्नाबाई म्हणायच्या, "वय झालं आता, तहान बी वाढायचीच." तहान वयाची नव्हती, हे त्यांना डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कळलं.

रात्रीचं न जेवणं हे जैनांच्या घरात काही नवलाचं नाही. पण आप्पांचं व्रत घरच्या वळणातून आलेलं नव्हतं. तरुणपणी ते खाण्याचे मोठे शौकीन होते. तेव्हा बिऱ्हाड कुरुंदवाडला होतं. एका वर्षी गाळप हंगाम संपला, त्या आनंदात काट्यावरची सगळी मंडळी बासुंदी खायला नरसोबाच्या वाडीला गेली. घरी चार वर्षांची रोहिणी तापानं फणफणली होती. आप्पांनी निघताना तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "उतरंल सकाळपर्यंत." ते रात्री अकराला परतले. रोहिणी दहाला गेली होती. आप्पांना ती अण्णा म्हणायची; शेवटचा तासभर ती "अण्णा कुठं हाय?" एवढंच विचारत होती. रत्नाबाईंनी हे त्यांना तेव्हा सांगितलं, आणि नंतर आयुष्यभर वाटत राहिलं, सांगायला नको होतं.

पुढच्याच महिन्यात आप्पा रत्नाबाईंना घेऊन कुंभोजच्या डोंगरावर गेले आणि तिथे एका मुनिमहाराजांसमोर त्यांनी रात्रीच्या अन्नपाण्याचा त्याग केला. का, ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर घरात रोहिणीचं नाव कधी निघालं नाही. तिचा फोटोही नव्हता. हंगामात काट्यावर रात्रपाळी असली की आप्पा ऊन तिरकं झाल्यावर डबा उघडायचे, आणि मग पहाटेपर्यंत कोरड्या तोंडानं गाड्यांची वजनं पुकारायचे. बरोबरची मंडळी चहाला बोलवायची. एकदा सयाजी नावाच्या फिटरानं चेष्टेनं कप त्यांच्या ओठाला लावला, तर आप्पांनी त्याची गचांडी धरली होती. आयुष्यात तेवढीच एक मारामारी.

डॉक्टरीणबाईंना मात्र हे लवकर जेवणं फार आवडलं. "सूर्यास्ताआधी जेवता? लोकांना हेच सांगून माझा घसा बसतो." मग त्यांनी रत्नाबाईंकडे बघत, बोटांवर मोजत सांगितलं, सकाळी जेवणाआधी एक गोळी, संध्याकाळी जेवणाआधी एक. गोळी चुकवायची नाही. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. घाम फुटला, हात थरथरले, तर ताबडतोब साखर खायची.

यातली एकच गोष्ट रत्नाबाईंनी पदराला गाठ मारून आणली. गोळी चुकवायची नाही.

आणि त्या कामाला लागल्या. भात बंद केला. जोंधळ्याच्या दोन भाकरींची दीड केली. आप्पांनी ताटाकडे बघून विचारलं, "उरलेली अर्धी कुणाला ग?" तर म्हणाल्या, "तुमच्या शुगरला." गुळाचा डबा माळ्यावर गेला. सून आदिती बोट टोचून साखर बघायचं मशीन घेऊन आली. ती बँकेत कामाला होती, तिनं सासूबाईंना दोन दिवसांत मशीन शिकवलं. मग रोज सकाळी रत्नाबाई आप्पांचं बोट धरून टोचायच्या आणि आलेला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या चौकटीत लिहायच्या. आप्पा कळंबा तलावाच्या काठानं दोन फेऱ्या मारून यायचे. चैत्रात दोनशे दहा होती, ज्येष्ठात एकशे साठ, श्रावण लागला तशी एकशे अठ्ठावीस. रत्नाबाईंनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चार बायकांना तो आकडा सांगितला. चिमणाबाई म्हणाल्या, "तुमच्या हातात डॉक्टरकी हाय वो वैनी!" घरी येईपर्यंत रत्नाबाईंच्या कानात तेच वाक्य होतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस आप्पा एकाशन करायचे. दिवसातून एकदाच, अकराच्या सुमाराला जेवायचं, पाणीही तेव्हाच. नंतर तोंडात काही नाही.

आदिती म्हणाली, "आई, डॉक्टरांना एक फोन करूया का? गोळ्यांचं काय करायचं ते विचारू."

"त्यांना आपल्या पर्वाचं काय ठावं? एकदम नको म्हणतील. आणि नको म्हटल्यावर ह्यांचं तोंड बघवंल का तुला?"

"पण दोन गोळ्या अन् जेवण एकच..."

"मग दोन्ही एकदमच घ्यायच्या. चुकवायची न्हाय म्हटलंय न्हवं."

आदितीनं फोन उचलला होता तो खाली ठेवला. सासूबाईंचा कॅलेंडरावरचा आकडा तिच्यापेक्षा जास्त बोलत होता. आणि पहिल्या दिवशी अकरा वाजता रत्नाबाईंनी ताटाच्या कडेला दोन गोळ्या ठेवल्या. आप्पांनी दोन्ही घेतल्या. बायकोनं दिलेलं त्यांनी कधी उलटून बघितलं नव्हतं.

तीन दिवस काही झालं नाही. आप्पा जरा गळल्यासारखे दिसले, पण पर्वात तसं दिसायचंच.

चौथ्या दिवशी प्रवचन ऐकून ते साडेसहाला परतले आणि सोप्यातल्या खुर्चीवर बसले. बाहेर दिवे लागले. सव्वासातला रत्नाबाई जपाची माळ घेऊन बाहेर आल्या, तर आप्पा समोरच्या भिंतीला हातवारे करत होते.

"गाडी मागं घे. मागं घे म्हणतोय न्हवं! चाक काट्याच्या बाहेर हाय."

"अवो, काय बोलायलाय?"

"बावीस टन. लिही. बावीस."

बनियन पाठीला चिकटलं होतं. कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते. रत्नाबाईंनी हाक मारली तशी आदिती मशीन घेऊन धावत आली. बोट टोचलं. आकडा आला अडतीस. तिनं तो दोनदा वाचला.

"आई, साखर! साखर आणा!"

रत्नाबाई स्वयंपाकघरात गेल्या, वाटीत साखर घेतली, चमचाभर पाण्यात कालवली. आदितीनं चमचा आप्पांच्या ओठाला लावला. त्यांनी दात आवळले. मान फिरवली. आणि इतका वेळ गाड्या मोजणारा तो माणूस एकदम शुद्धीतल्यासारखा म्हणाला, "दिवस गेला. दिवस गेलाय की."

"आप्पा, औषध आहे हे!"

"दिवस गेला."

ऋषभ, त्यांचा मुलगा, शिरोलीच्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला होता. आदितीनं ज्ञानूला हाक मारली. तो तसाच, अर्धी भाकरी टाकून आला. "आप्पा, तोंड उघडा की! लेकरावानी काय करायलाय!" त्यानं जबडा धरून बघितला, पण लगेच सोडून दिला. ज्या माणसाला गल्लीत सगळे वाकून नमस्कार करायचे, त्याचा जबडा तो कसा उघडणार? तो रत्नाबाईंकडे बघून जवळजवळ रडतच म्हणाला, "वैनी, तुमीच घाला. तुमी घातलीसा तर चालंल."

रत्नाबाई पुढे झाल्या. आदितीच्या हातातली वाटी घेतली. त्या क्षणी त्यांच्या मनात देव नव्हता, पाप-पुण्यही नव्हतं. कुंभोजच्या पायऱ्या उतरताना तरुण आप्पा त्यांच्यापुढे चालत होते आणि त्यांचे खांदे हलत होते, तेवढंच होतं. त्यांनी डाव्या हाताचं बोट गालाच्या आतून दातांवर सरकवलं आणि उजव्या हातानं ओली साखर हिरड्यांना चोळायला सुरुवात केली. आप्पांनी बोट चावलं. रक्त आलं. त्यांनी बोट काढलं नाही. साखर, आणखी साखर. थोड्या वेळानं आप्पांच्या गळ्याची घाटी हलली. त्यांनी गिळलं. एकदा गिळलं, परत गिळलं, आणि दात सैल पडले. मग चमचा गेला, मग दुसरा.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घाम होता की रडणं, कुणाला सांगता आलं नाही.

ज्ञानूच्या रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. या गोळीचा असर लवकर उतरत नाही, साखर पुन्हा पुन्हा पडते, म्हणून दोन दिवस सलाईनवर ठेवलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "दोन गोळ्या एकदम कुणी दिल्या?" एवढंच त्यांनी विचारलं. आदिती काही बोलायच्या आत रत्नाबाईंनी चावलेल्या बोटाचा हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मला एक फोन केला असता, आजी, तर मी गोळीच बदलून दिली असती. तुमच्या पर्वात सोसेल अशी गोळी असते."

त्या दिवसापासून कॅलेंडरात रत्नाबाईंनी एकही आकडा लिहिला नाही. लिहायचं काम आदितीनं घेतलं.

घरी येताना आदितीनं त्यांना दवाखान्याच्या जिन्यात थांबवलं. "आई, आप्पांना त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाहीये. त्यांनी विचारलं, तर दिवस होता म्हणा. सहा वाजले होते म्हणा. काय बिघडतंय?"

रत्नाबाई जिना उतरू लागल्या. त्यांनाही ते सुचलं होतं. दोन रात्री खुर्चीत बसून त्यांनी तेच घोळवलं होतं.

आप्पांनी विचारलंच. घरी आल्यावर, हात-पाय धुऊन, खुर्चीत बसल्यावर. बायकोच्या बोटाची पट्टी बघत ते म्हणाले, "हे काय लागलं?"

"तुम्ही चावला."

"मी?"

"साखर घालत होते तोंडात."

आप्पांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "किती वाजलं होतं?"

आदिती दारात उभी होती. तिनं सासूबाईंकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"साडेसात," रत्नाबाई म्हणाल्या. "दिवस मावळून तास झाला होता."

आप्पा उठले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंनी बदलून दिलेली नवी गोळी घेतली नाही, पाणीही घेतलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. आदितीनं दोनदा ताट नेलं, दोनदा परत आणलं. शेवटी रत्नाबाई आत गेल्या आणि त्यांच्या पाठीशी बसल्या.

"माझ्यावर राग असंल तर माझ्यावर काढा. अन्नावर नको."

"तुझ्यावर कशाचा राग?"

"गोळ्या मी दिल्या. साखर बी मीच घातली."

आप्पा भिंतीशीच बोलले. "तिच्या नावाचं तेवढंच होतं ग माझ्याजवळ. बाकी काय केलं मी तिचं? कपाळाला हात लावला अन् गेलो. एवढं एक तरी नीट ठेवलं होतं."

एक्केचाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच 'ती' म्हणाले होते.  रत्नाबाईंनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली हाताला. चैत्रापासून किती वाळले होते ते, आणि त्या वाळण्याचंच कौतुक त्या बस्तीत सांगत होत्या.

दुपारी ज्ञानूनं दोघांना बस्तीत नेऊन सोडलं. पंडितजींनी सगळं ऐकून घेतलं. ते आप्पांहून वीस वर्षांनी लहान होते. "आप्पा, गृहस्थाच्या व्रतात औषधाची सूट ठेवायची असते. तेव्हाच ठेवायला पाहिजे होती तुम्ही."

"तेव्हा सूट नको होती मला," आप्पा म्हणाले.

"आता ठेवा. नव्यानं घ्या व्रत. नाहीतर मी देणार नाही."

आप्पा हात जोडून उभे राहिले. पंडितजी एकेक वाक्य सांगत गेले, आप्पा ते मागून म्हणत गेले. 'औषधाची सूट ठेवून' या शब्दांवर ते अडकले. पंडितजींनी परत सांगितले. आप्पांचे ओठ हलले, शब्द आला नाही. तिसऱ्यांदा रत्नाबाईंनीच ते शब्द म्हटले, मोठ्यानं, आणि पंडितजींनी ते आप्पांचेच धरले.

बाहेर आल्यावर आप्पा पायरीवर बसले. चपला पायात घालायच्या होत्या, पण घातल्या नाहीत.

"आजपासनं परत पहिला दिवस," ते म्हणाले. "सत्तराव्या वर्षी पहिला दिवस. कुठवर जाणार हाय आता?"

"जाईल तिथवर."

"वर भेटली अन् तिनं विचारलं, तर काय सांगू तिला?"

रत्नाबाईंनी त्यांच्या पायाजवळ चपला सरकवल्या. "सांगा, तुझ्या आईनं भरवली. मी न्हाय म्हणत होतो, तरी भरवली."

आप्पांनी मान हलवली. मग ते रडायला लागले, मोठ्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं इतक्या मोठ्यानं. पायरीखाली रिक्षात बसलेल्या ज्ञानूनं तोंड फिरवलं. रत्नाबाईंनी आप्पांना गप्प बसा म्हटलं नाही. त्या शेजारी बसून राहिल्या. आप्पांनी अजून काही खाल्लेलं नव्हतं, आणि दिवस मावळायला अजून तीन तास होते.