उत्तरेच्या खिडकीतला पोकळ चेहरा

मी त्या दिवशी काठी आपटून नवे शिल्प बाहेर काढायला सांगितले, असे शपथेवर सांगणारे लोक मला आजही भेटतात. मी काठी वापरत नाही. आवाज चढवला, हे खरे; पण कशावर, हे त्यांना ठाऊक नाही, कारण त्यांपैकी एकही तिथे हजर नव्हता.

कोल्हापुरातल्या एका जुन्या कलासंग्रहात माझ्या गुरूंनी घडविलेला पैलवानाचा अर्धपुतळा आहे. उत्तरेच्या खिडकीशेजारी, भिंतीला पाठ लागेल असा तो तरुणपणी मीच बसवला. अलीकडे विश्वस्तांनी जुन्या शिल्पांमध्ये नवी शिल्पे मांडायचे ठरवले, तेव्हा कसबा बावड्याच्या एका तरुण मुलीने स्वतःच्या आईच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा आणला. मूर्ती नव्हे, साचाच. आत चेहऱ्याची पोकळी. मूर्ती निघाली की आम्ही साचा फोडून टाकत असू. तिने तोच शिल्प म्हणून उभा केला होता.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी एक विश्वस्त त्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभे होते.

“ह्यो नुसता खड्डा हाय की! पावण्यांना खड्डा दाखवायचा? रस्त्यावर काय कमी हायत?”

“जरा लांबून बघा की, साहेब,” मुलगी म्हणाली.

“लांबूनबी खड्डाच. सांजच्याला उचला. मास्तर, तुम्हीच सांगा हिला.”

जुना माणूस आपल्याच बाजूने बोलणार, अशी त्यांची खात्री होती. मी ओरडलो, “आधी ती ट्यूबलाइट बंद करा!” डोक्यावरच्या त्या भगभगीत उजेडात कोणताही साचा खड्डाच दिसेल. एका बाजूने मऊ उजेड आला, की आतला चेहरा बाहेर उठून आल्यासारखा वाटतो. जन्मभर साचे काढणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तसा उजेड त्या दालनात एकाच ठिकाणी होता. पैलवानापाशी.

मुलगी माझ्या पाया पडली आणि मी विरघळलो, ही दुसरी लोककथा. ती माझ्याशी भांडली.

“तुमच्या गुरूंना हलवून मला जागा नको, आजोबा. लोक मला जन्मभर बोलतील.”

“मला बोलतील. मला सवय आहे. तू पैलवानाच्या खांद्याखाली हात घाल.”

आम्ही पैलवानाला दालनाच्या मध्यावर सरकवले. त्याच्या गालावरचा उजेड गेला, ते मला लागले. गुरूंना हे पटले असते, असे मी म्हणणार नाही; निर्णय माझा होता. साचा खिडकीशेजारी उभा राहिला. एवढ्यात लेकीचा डबा घेऊन मुलीची आई आली आणि दारातच थबकली. ती डावीकडे सरकली, मग उजवीकडे.

“अगं बया! हिकडं सरकलं की हिकडंच बघायलीया!”

विश्वस्तही तिच्यामागून दोनदा इकडून तिकडे गेले. “ऱ्हाऊ दे मग,” म्हणाले.

बाईंनी मात्र पुढचे विचारले, “आन् ह्या पैलवानाला अंधारात का उभा केलाय?”

खिडकीचे दुसरे दार पूर्वी मीच खिळे ठोकून बंद केले होते, उजेड फक्त त्याच्या गालावर पडावा म्हणून. त्याच दुपारी ते खिळे मी काढले आणि उजेड दालनाच्या मध्यापर्यंत आला. पैलवानाचा गाल आता पूर्वीइतका ठसठशीत दिसत नाही, ही टीका मला मान्य आहे. पण त्याची पाठ दिसते. गुरूंनी ती पाठ काय ताकदीने घडवली आहे, हे कोल्हापूर आता कुठे पाहू लागले आहे.