खांब वस्तीवर आला

तुमच्या गावचा सरकारी फोन कुणाच्या दारात आहे, आणि त्या दारात जाताना कुणाकुणाला दोनदा विचार करावा लागतो?

आमच्या गावात बिनतारी फोन आला तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. तार ओढायची नाही. एक उंच खांब, त्यावर अँटेना, खाली बॅटरी आणि फोन. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा आमचा भाग कोरडा. दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला जातं, आणि गेलेल्यांची खबर मागच्यांना पत्रानेच कळायची. म्हणून फोनच्या मागणीची पत्रकं मी दारोदार वाटली होती. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. वडिलांनी मला त्यांवरच वाचायला शिकवलं. छापलं की ते घडतंच, असं मला तेव्हा वाटायचं.

टेलिफोनचा मिस्त्री यंत्र घेऊन गावभर फिरला. गावठाण खोलात, आणि तालुक्याच्या टॉवरच्या बाजूला डोंगर आडवा. आमची बौद्ध वस्ती चढावर. विहाराशेजारी उभा राहून तो म्हणाला, "हितं खणखणीत लागतोय. खांब हितंच."

ग्रामसभेत ते पटलं नाही.

"फोन गावाचा हाय का वस्तीचा?"

"म्हंजी मुंबईला पोराशी बोलायला मी आता वस्तीवर जाऊ व्हय?" पुढं बसलेले एक आप्पा म्हणाले.

"जा की आप्पा," मागून कुणीतरी म्हणालं, "चढ चढून पोट तरी कमी व्हईल."

सगळे हसले. मिस्त्री आप्पांपुढे काकुळतीला आला. "मामा, डोंगर आडवा हाय, त्याला मी काय करू?"

"खांब उंच कर."

खांब गावठाणातच राहिला, फक्त उंच झाला. तिथल्या एका पंचायत सदस्याच्या ओसरीवर फोन बसला, त्यावर विणलेला रुमाल पडला. रिसीव्हर उचलला की भजी तळल्यासारखा आवाज यायचा. बाकी काही नाही.

त्याच हंगामात माझी थोरली बहीण, ताई, पोटुशी असतानाच दाजींच्या टोळीबरोबर तोडीला गेली. दिवस भरत आले की दाजींनी कारखान्याच्या चौकातून फोन करायचा आणि आईने बाळंतपणाला जायचं, असं ठरलं होतं. आईने बोचकं बांधून ठेवलं. रोज ती त्या ओसरीसमोर, उंबऱ्याबाहेर उभी राहायची.

"वैनी, आला का वो फोन?"

"न्हाई गं बाई. नुसता चरचरतोय."

आलं ते दाजींचं पोस्टकार्ड. दाजी तीन दिवस चौकातल्या रांगेत उभे राहिले, फोन लागला नाही. ताई फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतच बाळंत झाली. मुलगी दोन दिवस जगली.

आईने बोचकं सोडलं, लुगडं परत दांडीवर टाकलं. "मी आसते तर दवाखान्यात न्ह्यायला लावलं आसतं," एवढंच म्हणाली.

मग खांब वस्तीवर हलवा, असे अर्ज मी लिहायला लागले. टेलिफोनच्या कचेरीत म्हणायचे, पंचायतीचा ठराव आणा. पंचायतीत म्हणायचे, कचेरीला विचारा. पहिले अर्ज रागाने लिहिले. पुढे राग संपला, अर्ज चालू राहिले. तीच वाक्यं, फक्त तारीख बदलून.

ठराव झाला तो माझ्या वाक्यांमुळे नाही. आप्पांचा मुंबईतला मुलगा कामावर पडला, आठवडाभर दवाखान्यात होता, आणि आप्पांना ते तो घरी आल्यावर कळलं. ते आमच्या दारात आले.

"पोरी, सही कुठं करायची दाव."

"बसा की आप्पा."

"बसतो पुन्यांदा. आधी सही."

बसले नाहीत. सही केली. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही केली.

खांब वस्तीवर आला. बाजाराच्या दिवशी आता गावठाणातली माणसं विहाराच्या पायऱ्यांवर आपल्या पाळीची वाट बघत बसतात. काही जण आमच्याकडचा चहा घेतात, काही अजून घेत नाहीत. टोळीतलं कुणी आजारी पडलं, बैल बसला, तर त्याच दिवशी कळतं. इकडच्या म्हाताऱ्यांची खुशाली तिकडे कळते.

यंदा ताईला पुन्हा दिवस होते. दाजींचा फोन सकाळी आला, आई दुपारच्या एसटीने गेली. ताई दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी आहे, रडते जोरात. वस्तीतले म्हणाले, "तुज्या अर्जांचं चीज झालं." मी मान हलवली. आनंद आहेच, पण तो दमलेला आहे. ही जागा मिस्त्रीने पहिल्याच दिवशी दाखवली होती.

शेजारच्या गावांतही आता असे खांब येताहेत. तुमच्याकडे मिस्त्री आला तर त्याच्यासोबत चाला. यंत्राला जिथं आवाज मिळेल ती जागा तिथल्या तिथे कागदावर उतरवा, खाली त्याची सही घ्या, आणि तो कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा. बाई असाल तर पुढे बसून वाचा.