चपला न काढणारी मुलगी

परवा नातीला चपला घ्यायला कॅम्प तीनच्या, म्हणजे जुन्या निर्वासित छावणीच्या बाजारात गेले. दुकानात नव्या कातड्याचा वास आला आणि मला एकदम माझी बालवाडी आठवली. लष्कराच्या जुन्या बराकीत भरायची ती. मी तेव्हा जेमतेम विशीतली शिक्षिका, आणि माझ्यापुढे फाळणीत सिंध सोडून आलेली मुलं.

त्यातली चार वर्षांची मोहिनी वर्गात चपला काढायचीच नाही. बोलणं नाही, खेळणं नाही. दाराजवळ बसायची, दोन्ही हात चपलांवर. "निकले तब इसके पाँव में कुछ नहीं था, बाई," एवढंच तिची आई म्हणाली होती.

मुलं काय करतात ते मी रोज वहीत लिहायचे. मोहिनीच्या पानावर होतं, 'आज गाडीची शिट्टी ऐकून उभी राहिली.' 'आज चपलेचा पट्टा सैल केला.'

तपासणीला आलेले साहेब ते वाचून हसले. "हे काय चपलांचं पुराण? मुलगी मंद आहे. तेवढं लिहा आणि नाव कमी करा."

"मला दिसलं ते लिहिलंय, साहेब. मंद काही दिसलं नाही."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे."

त्यांनी स्वतःच लाल शाईने 'मंद' लिहिलं. मी त्यांच्यासमोर ते खोडलं. टाकाचं टोक कागदात रुतलं. तेव्हा मला ती भीती वाटली होती. आज कळतं, तो संताप होता.

त्याच खाडाखोडीखाली आठवड्याने मी लिहिलं, 'आज मोहिनीने डाव्या पायातली चप्पल काढली.'