वावरात वाळत घातलेली पोती

ज्या हिवाळ्यात पेट्रोलचा भाव दर पंधरा दिवसांनी उतरत होता, त्या हिवाळ्यात मी दर मंगळवारी मोटारसायकलने जळगावहून धुळ्याला जात होतो. जाऊन-येऊन एकशे ऐंशीच्या पुढे किलोमीटर. गाडीत किती लिटर टाकलं आणि गाडी किती चालली, हे मी एका छोट्या वहीत लिहून ठेवतो. ही सवय जुनी आहे, आणि घरात होणारी तिची थट्टाही जुनी आहे. पारोळ्याच्या अलीकडच्या पंपावरचा माणूस तेव्हा फार खुशीत असायचा. अरबांकडे तेल ठेवायला जागा उरली नाही, आता ते फुकट वाटणार, असं तो गाडीत नळी धरून सांगायचा. मी हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मग पुढच्या मंगळवारी बादली घेऊन जा."

मीही खुशीतच होतो. महिन्याच्या चार फेऱ्यांत जवळजवळ एका फेरीचं पेट्रोल वाचत होतं. हे वाचलेलं पेट्रोल कोणाच्या ताटातून येत आहे, हे कळायला मला डिसेंबर संपावा लागला.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात खरेदीचं काम बघतो. आमचा कारखाना जुन्या प्लास्टिकचा दाणा करतो. खताची रिकामी पोती, तुटकी चटई, दोरखंड असा माल धुऊन, कापून, वितळवून त्याचे ज्वारीएवढे दाणे पाडायचे आणि ते चटई विणणाऱ्या कारखान्यांना विकायचे. त्या दाण्यापासून धागा निघतो आणि धाग्याची चटई होते. हा जुना दाणा नव्या दाण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, म्हणूनच तो कोणी घेतं. त्याला वास येतो, रंग मळका असतो, धागा मध्येच तुटतो. नवा दाणा तेलापासून होतो. तेल उतरलं तसा नवा दाणा उतरला, आणि जानेवारीत दोन्हींतलं अंतर किलोमागे चार-पाच रुपयांवर आलं. एवढ्यासाठी मळका दाणा कोण घेणार? चटईवाल्यांनी आमचा माल थांबवला. आमच्या मालकांनी मला सांगितलं, पुढचं सांगेपर्यंत एक पोतं उचलायचं नाही.

धुळ्यात मी ज्यांच्याकडून माल घ्यायचो त्यांना मी चाचा म्हणतो. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. महामार्गापासून आत त्यांचं भाड्याचं गोदाम होतं आणि त्यात सहा बाया माल निवडायच्या. चाचांची पारख अशी, की पोत्याचा एक धागा ओढून काडीने पेटवायचा, विझवायचा आणि धूर नाकाशी न्यायचा. मेणबत्तीचा वास आला तर माल आमच्या कामाचा. बायांना तेवढंही लागत नसे. हातात घेऊन चुरगाळलं की आवाजावरून कळायचं. त्यांतली सर्वांत जुनी बाई धुळ्याजवळच्याच खेड्यातून यायची. तिला सगळे अक्का म्हणत.

खरेदी थांबल्याचं मी फोनवर न सांगता समोर जाऊन सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेल त्यांच्याकडे जास्त झालं, भाऊ, आणि पोट माझं दुखायला लागलं." मग त्यांनी विचारलं, की माल आज मिळेल त्या भावाने फुंकून टाकू, का थांबू? इंदूरचा एक व्यापारी पडत्या भावात सगळं उचलायला तयार होता. त्या पैशांत गोदामाचं वर्षाचं भाडं निघालं असतं आणि बायांना होळीपर्यंत काम देता आलं असतं. पुढचं पुढे. थांबायचं तर उन्हाळ्यापर्यंत भाव परत यायलाच हवा होता, नाहीतर गोदाम सोडावं लागणार होतं. हे त्यांनी मला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझ्याकडे कारखान्यातल्या खरेदीच्या भावांची चौदा वर्षांची नोंद होती. मी ती पुढच्या मंगळवारी बरोबर नेली. खाटेवर वही उघडून चाचांना दाखवलं, की भाव पडला तेव्हा तेव्हा चार ते सहा महिन्यांत वर आला आहे. एकदाही चुकलेला नाही. मी म्हणालो, "थांबा." आणि माझ्या डोक्यातून अजून एक गोष्ट निघाली. माल नुसता पडून ठेवण्यापेक्षा बायांकडून धुऊन घ्या. धुतलेल्या पोत्याला भाव जास्त मिळतो, आणि बायांचं कामही बंद पडत नाही.

चाचांना हे पटलं. त्यांनी गोदामामागचं एक पडीक वावर चार महिन्यांसाठी घेतलं. दोन टन पोती होती. एक पोतं शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे वीस हजारांच्या आसपास पोती. बायांनी ती बोअरच्या पाण्यात महिनाभर धुतली आणि वावरात पसरली. आत जागा नव्हती. आतमध्ये ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या आणि बादल्या-खुर्च्यांचा कडक माल होता. शिवणीत ओल राहिलेली पोती घडी करून ठेवली तर बुरशी धरेल, म्हणून मी सांगितलं की पसरलेलीच राहू द्या आणि दर आठ दिवसांनी उलटवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाळतील.

अक्का तेव्हा हातातलं पोतं झटकत होती. ती म्हणाली, "भाऊ, उन्हायामा बठ्ठं पीठ हुई जाई."

उन्हाळ्यात सगळ्याचं पीठ होईल हे मला पटेना, म्हणून मी तिला आतल्या नळ्या दाखवल्या. म्हटलं, अक्का, या नळ्या केळीत, कपाशीत सात-सात वर्षं उन्हात पडलेल्या असतात, त्यांना काही होत नाही. हेही प्लास्टिक आणि तेही प्लास्टिक.

"ती नळी शे," ती म्हणाली. "हाई पोतं शे."

बाकीच्या बाया हसल्या. एकीने म्हटलं, अक्काला उलटवायचा कंटाळा आला आहे. मीही हसलो. आमच्याकडे जो तो ठिबकची नळी बघून प्लास्टिक ओळखायला शिकतो. नळी उन्हात टिकते ती तिच्यातल्या काळ्या काजळीमुळे, आणि पांढऱ्या पोत्यात ती नसते, हे मला माहीत नव्हतं. पण माझ्या आजोळी न्हाणीच्या दाराला खताचं पोतं लावलेलं असायचं आणि ते दर उन्हाळ्यानंतर बदलावं लागायचं, हे मला माहीत होतं. मी ते माझ्या हाताने बदललेलं आहे. त्या दिवशी ते आठवलं नाही. मी भावाच्या वहीत बघत होतो.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मी जाऊन बघायचो तेव्हा वावर पांढरं दिसायचं. बाया सकाळी लवकर येऊन पोती उलटवून जायच्या. मी बांधावरूनच बघून परत फिरायचो. जवळ जाऊन एकही पोतं ओढून बघितलं नाही. चार रुपयांच्या पेनाची रीफिल मी दुकानात लिहून बघून घेतो.

मेच्या मध्यावर भाव वर आला. पूर्ण नाही, पण चटईवाल्यांनी जुना दाणा पुन्हा मागायला सुरुवात केली आणि मालक मला म्हणाले, आण. मी लगेच धुळ्याला फोन केला. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी माझ्या वहीचा अभिमान वाटला होता. मी पोचलो तेव्हा चाचांनी सहाही बायांना बोलावून ठेवलं होतं आणि टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. गोदामाचं भाडं पुढच्या आठवड्यात देतो असा निरोप त्यांनी जागेच्या मालकाला आधीच दिला होता.

मी कडेचं एक पोतं उचलायला गेलो आणि माझी बोटं त्यातून आरपार गेली. अक्काने शेजारच्या पोत्याचे दोन कोपरे धरून उचललं. तिच्या हातात दोन कोपरे आले. बाकीचं पोतं खाली तसंच राहिलं आणि वाऱ्याने त्याचे कागदासारखे तुकडे सरकले. आम्ही मधली बघितली, दुसऱ्या टोकाची बघितली, दोन थर होते तिथली खालची बघितली. सगळी सारखीच. दर आठ दिवसांनी उलटवलेली असल्यामुळे एकही बाजू वाचलेली नव्हती. बायांच्या केसांवर, पापण्यांवर पांढरा चुरा बसला. अक्काने पदराने तोंड पुसलं आणि ती बांधावर जाऊन बसली.

चाचांनी सवयीने धागा ओढायला घेतला. धागा निघेना. मग त्यांनी चुराच काडीवर धरला आणि हुंगला. वास बरोबर होता. मग मला जरा बाजूला घेऊन ते म्हणाले, "थोडं थोडं चांगल्या मालात मिसळून जाईल का, भाऊ?"

गेलं असतं. विसात एक मिसळलं असतं तर यंत्रावरच्या माणसालाही पटकन कळलं नसतं. धागा जरा जास्त तुटला असता, आणि धागा तर एरवीही तुटतो. सगळा माल खपायला वर्ष लागलं असतं, पण गोदाम राहिलं असतं. हे गणित मी तिथे उभ्या उभ्या केलं. आणि मी नाही म्हणालो. म्हटलं, माझ्या शब्दावर कारखान्यात माल उतरवतात, मला असं करता येणार नाही.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "थांबा म्हणताना तुम्ही एवढा विचार केला नव्हता."

नाही म्हणण्यात माझं काय गेलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काहीही गेलं नाही. जे गेलं ते त्यांचं गेलं.

टेम्पोत नळ्या आणि कडक माल तेवढा भरला. ते आमच्या कामाचे नव्हते; दुसऱ्या कारखान्याकडे पाठवले. चुरा कोणी फुकटही नेईना. वावराच्या मालकाला जमीन साफ हवी होती, म्हणून चाचा, त्यांची बायको आणि अक्का तीन दिवस तो झाडत होते. मी एक दिवस थांबलो, संध्याकाळपर्यंत गोण्या भरल्या. झाडून झाल्यावरही ढेकळांच्या भेगांत तो दिसत होता. जूनच्या आधी गोदाम सुटलं. बायांपैकी तिघी कांद्याच्या खळ्यावर गेल्या. अक्का गावीच राहिली, असं चाचांनीच नंतर सांगितलं.

चाचा आता पुतण्याच्या भंगारच्या दुकानात काट्यावर असतात. मी अजूनही मंगळवारी धुळ्याला जातो आणि त्या दुकानातून माल घेतो. ते माझ्या घरच्यांची चौकशी करतात, चहा मागवतात. भाव पुढे काय होईल, हे त्यांनी परत विचारलेलं नाही. पोतं काट्यावर चढतं, ते वजन सांगतात आणि मी लिहितो. इतर सगळीकडे मी काट्यावरचा आकडा स्वतः बघितल्याशिवाय लिहीत नाही. तिथे मी मान वर करत नाही. ते सांगतील तेवढं लिहितो.